सड्यावरून उपग्रहाचं चित्र कसं पकडायचं

१३७.९ मेगाहर्ट्झ. हा आकडा आधी वहीत लिहून ठेवा. रशियाचे मिटिऑर-एम मालिकेतले हवामान उपग्रह साधारण ८२० किलोमीटर उंचीवरून जाताना या फ्रिक्वेन्सीवर खालची जमीन, समुद्र आणि ढग यांचं चित्र सतत पाठवत असतात. त्याला कुलूप नाही, शुल्क नाही, इंटरनेटचीही गरज नाही. रत्नागिरीच्या एखाद्या मोकळ्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, हातभर लांबीच्या दोन सळ्या, बोटाएवढं एक यूएसबी यंत्र आणि जुना लॅपटॉप घेऊन बसलात तर दहा-बारा मिनिटांत मालदीवच्या खालच्या समुद्रापासून हिमालयापलीकडपर्यंतचा पट्टा पडद्यावर ओळीओळीने उतरतो.

जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत नोआ १५, १८ आणि १९ या अमेरिकी उपग्रहांची पद्धत सांगितलेली असते. ते तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले. त्यांच्यामागे वेळ घालवू नका. आज कामाचे दोन आहेत: मिटिऑर-एम एन२-३ (२०२३ चा) आणि एन२-४ (२०२४ चा). सुरुवात एन२-४ ने करा, त्याचा सिग्नल जास्त दणकट येतो. हे उपग्रह अधूनमधून १३७.९ वरून १३७.१ वर हलवले जातात. ठरल्या वेळी काहीच दिसलं नाही, तर अँटेनाला दोष देण्याआधी दुसरी फ्रिक्वेन्सी बघा.

चित्र म्हणजे आकडे

मंगळाचं चित्र असो वा अरबी समुद्राचं, यानातून निघतात ते आकडे. १९६५ मध्ये मरिनर ४ ने मंगळाजवळून पाठवलेलं प्रत्येक चित्र २०० गुणिले २०० ठिपक्यांचं होतं आणि दर ठिपक्याला ६ बिट लागत. म्हणजे २,४०,००० बिट. यान ते सेकंदाला ८.३३ बिट या चालीने पाठवायचं. भागाकार करा, एका चित्राला बरोबर आठ तास.

आपला मिटिऑर सेकंदाला ७२,००० बिट पाठवतो. गंमत अशी, की १९७९ मध्ये व्हॉयेजर गुरूजवळून सेकंदाला १,१५,२०० बिट पाठवत होतं. साठ-सत्तर कोटी किलोमीटरवरून आलेला ओघ आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहापेक्षा मोठा! कारण यानाची ३.७ मीटरची थाळी पृथ्वीवर नेम धरून होती आणि इकडे ६४ मीटरची थाळी तिच्यावर रोखलेली होती. मिटिऑर मात्र आपली थोडकी शक्ती खालच्या सगळ्या दिशांना पसरून देतो, आणि आपण ती दोन सळ्यांवर झेलतो. अंतर कमी असलं तर थाळी मोठी लागत नाही, एवढाच आपला फायदा.

दोन्हीकडे आकडे जपण्याची रीत मात्र एकच आहे, आणि ती समजली की पुढचे निम्मे बिघाड आपोआप उमगतात. प्रत्येक बिटाच्या जागी दोन बिट पाठवायचे, असे की शेजारच्या सात बिटांची छाप त्यांत पडलेली असेल. इकडे व्हिटर्बी नावाची पद्धत त्यातून मूळ बिट ओळखून काढते. वर दर २२३ बाइटांमागे ३२ बाइट तपासणीचे, ज्यांच्या जोरावर १६ चुकलेले बाइट दुरुस्त होतात. याला रीड-सोलोमन म्हणतात. १९८६ मध्ये युरेनसपासची चित्रं व्हॉयेजर २ ने याच जोडीने पाठवली. सड्यावर तुमच्या लॅपटॉपमध्ये जे चालणार आहे ते हेच.

याचा परिणाम लक्षात ठेवा. जुन्या नोआचं चित्र सिग्नल पडला की हळूहळू खरखरीत व्हायचं. मिटिऑरचं तसं नाही. अमुक पातळीपर्यंत चित्र स्वच्छ, आणि त्याखाली एकदम काहीच नाही. सड्याच्या टोकाशी जशी कडा तशी. म्हणून एक-दोन डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं माप) वाचवणं हाच सगळा खटाटोप.

सामान

आरटीएल-एसडीआर डाँगल, म्हणजे रेडिओचा सिग्नल लॅपटॉपकडे पोचवणारं ते यूएसबी यंत्र, ही यादीतली सगळ्यात महाग वस्तू. तापमान-स्थिर क्रिस्टल असलेलं घ्या. स्वस्तातली डाँगलं दशलक्षात पन्नास भागांपर्यंत चुकतात, म्हणजे १३७.९ वर जवळजवळ सात किलोहर्ट्झ. स्थिर क्रिस्टलची चूक एका भागाच्या आसपास राहते.

अँटेनासाठी तीन-चार मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या दोन सळ्या, इलेक्ट्रिशियनकडे मिळणारी प्लास्टिकची कनेक्टर पट्टी, फूटभर लाकडी पट्टी आणि उभी करायला चिवारीची काठी किंवा पीव्हीसी पाइप. लोखंडी खांब नको.

केबलच्या बाबतीत एक सल्ला दुकानदाराच्या विरोधात जातो. रेडिओवाले ५० ओहमची आरजी-५८ केबल सुचवतात. पण टीव्हीच्या डिशला लागणारी आरजी-६ कोकणातल्या कुठल्याही बाजारपेठेत मिळते आणि या फ्रिक्वेन्सीवर तिच्यात सिग्नलची गळती आरजी-५८ च्या निम्म्याहून कमी असते. ती ७५ ओहमची आहे हे खरं, पण त्या फरकाने जातं ते ०.२ डेसिबलहून कमी. दहा मीटरपर्यंत बिनधास्त आरजी-६ वापरा. डाँगलला जोडणारा एसएमए कनेक्टर मात्र नीट बसवून घ्या, ढिला कनेक्टर हा पहिल्या आठवड्यातला सर्वांत मोठा चोर.

अँटेना

प्रत्येक सळी ५३.४ सेंटिमीटर कापा. १३७.९ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २.१७ मीटर लांब, तिचा पाव भाग ५४ च्या आसपास. एखाद्या सेंटिमीटरने चुकलं तर आभाळ कोसळत नाही.

दोन्ही सळ्या लाकडी पट्टीवर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बसवा, मधला कोन १२० अंश. आतल्या टोकांमध्ये दोनेक सेंटिमीटर अंतर. केबलची मधली तार एका सळीला, बाहेरची जाळी दुसरीला. कुठली कुठे याने फरक पडत नाही, पण जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला तर सगळं संपलं. मल्टिमीटरने तपासा: अँटेना जोडून केबलच्या खालच्या टोकाला मधली तार आणि जाळी यांच्यात बीप यायला नको. अँटेनाच्या अगदी खाली त्याच केबलचे वीतभर रुंदीचे चार-पाच वेटोळे घालून बांधा, म्हणजे केबलच्या बाहेरून चढणारा घरातला गोंगाट थोडा अडतो.

व्ही जमिनीला समांतर ठेवायचा, उभा नाही. त्याचं उघडं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. उपग्रह ध्रुवांकडून ध्रुवांकडे जातात, म्हणून ही दिशा.

उंचीबद्दल गैरसमज फार. उंच तेवढं चांगलं, हे टीव्हीच्या अँटेनाला लागू, इथे नाही. सिमेंटच्या गच्चीच्या सळ्या किंवा पत्रा खाली असेल तर बरोबर १.१ मीटरवर टांगलेल्या अँटेनाला डोक्यावरचा सिग्नल कमी मिळतो. खालून परतलेली लहर नेमकी उलटी येऊन त्याला खाते. ५० ते ६० सेंटिमीटरवर ठेवली तर डोक्यावरचा सिग्नल उत्तम. क्षितिजाजवळचा हवा असेल तर दोन मीटर किंवा वर जा. जांभ्याच्या कोरड्या सड्यावर हा खेळ बराच सौम्य होतो, कारण तो दगड पत्र्यासारखा लहर परतवत नाही.

जागा

सह्याद्री आडवा येईल असं सगळ्यांना वाटतं. रत्नागिरीपासून तो पन्नास-साठ किलोमीटर दूर आहे. हजार मीटर उंचीचा कडा तिथून जेमतेम एक अंश वर दिसतो. अडवते ती घरामागची टेकडी आणि दाट वाडी. एकटा माड त्रास देत नाही, सव्वादोन मीटरच्या लहरीला त्याचं खोड जाणवतही नाही. पण माड-पोफळीची गच्च वाडी, त्यातून पावसाने भिजलेली, सिग्नल चांगलाच खाते. खाडीकाठच्या घराच्या अंगणापेक्षा वरच्या सड्यावर पंधरा मिनिटं चालत जाणं केव्हाही फायद्याचं.

सड्याचा दुसरा फायदा म्हणजे तिथे वीज नसते. घरातले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सीसीटीव्ही आणि लॅपटॉपचा चार्जर ही सगळी मंडळी १३७ च्या आसपास आवाज करतात. घरूनच करायचं असेल तर आधी गोंगाटाची पाहणी करा. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून पडद्यावरची गोंगाटाची रेघ बघत मुख्य बोर्डावरचे एमसीबी एकेक करून खाली करा. कुठल्या एमसीबीला रेघ खाली बसते ते कळलं की चोर सापडला. बहुतेक वेळा तो बाथरूममधला स्वस्त एलईडी असतो.

बंदरापासूनही दूर राहा. मिरकरवाड्यासारख्या गजबजलेल्या बंदराजवळ बोटींचे वायरलेस १५६ मेगाहर्ट्झच्या वर २५ वॅटपर्यंत ताकदीने बोलतात. कोणी बटण दाबलं की तुमचं डाँगल तेवढ्यापुरतं बहिरं होतं आणि चित्रात आडवी काळी पट्टी उमटते.

किनाऱ्यावर अँटेना धरून उभं राहिलात की कोणीतरी हटकणारच, आणि सागरी सुरक्षेचे दिवस बघता ते योग्यच आहे. पोलीस पाटलांना आणि जागेच्या मालकाला आधी सांगून ठेवा. या सगळ्यात आपण फक्त ऐकतो. पाठवायचं असेल तर हौशी रेडिओचा परवाना लागतो.

फेरी पकडणं

मिटिऑर दर १०१ मिनिटांनी पृथ्वीला एक फेरा घालतो. दिवसातल्या चौदा फेऱ्यांपैकी चार-पाच आपल्या टप्प्यात येतात. फोनवर लुक४सॅट किंवा तसंच एखादं अॅप घ्या, त्यात आपलं ठिकाण भरा आणि ४० अंशांच्या वर चढणारी दिवसाची फेरी निवडा. क्षितिजावर उपग्रह आपल्यापासून ३,३०० किलोमीटर दूर असतो, डोक्यावर ८२०. चौपट अंतर म्हणजे सोळावा भाग सिग्नल, साधारण १२ डेसिबलची घट. खालच्या फेऱ्यांनी हिरमोड होतो तो यामुळे. कक्षेची माहिती दर दोन-चार दिवसांनी ताजी करा आणि लॅपटॉपचं घड्याळ बरोबर आहे ना ते बघा.

सॉफ्टवेअर सॅटडंप. फुकट आहे, विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवरही चालतं. विंडोजवर डाँगलसाठी झॅडिग नावाचं सॉफ्टवेअर वापरून ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि ते काम घरी इंटरनेट असताना उरकून जा. सड्यावर रेंज असेलच असं नाही.

फेरीच्या दहा मिनिटं आधी रेकॉर्डरच्या पानावर डाँगल निवडा, सॅम्पल रेट १.०२४ दशलक्ष, फ्रिक्वेन्सी १३७.९. गेन, म्हणजे डाँगल सिग्नल किती वाढवणार ते, आपोआपवर सोडू नका. शून्यापासून वाढवत न्या. गोंगाटाची रेघ वर उचलली जाऊ लागते तिथून थोडंसं पुढे थांबा, बहुतेक ३५ ते ४० च्या दरम्यान. त्याहून वर नेलं तर एफएम स्टेशनं नको तिथे उगवतात, म्हणजे डाँगल ओसंडलं. शहराजवळ असाल तर एफएम अडवणारा फिल्टर घ्या. अॅम्प्लिफायर घेण्याआधी फिल्टर, हा क्रम उलटा करून पैसे वाया घालवणारे पुष्कळ.

प्रक्रियेच्या यादीतून मिटिऑर एम२-एक्स एलआरपीटी ७२के निवडा आणि चालू करा. उपग्रह दहा-पंधरा अंश वर आला की धबधब्यासारख्या खाली सरकणाऱ्या आलेखात सुमारे ११५ किलोहर्ट्झ रुंदीचा उंचवटा उठतो. वर सपाट, दोन्ही बाजूंना कडा, हुबेहूब सड्याचा उभा छेद. बोलण्याच्या सिग्नलसारखी टोकदार रेघ शोधत बसलात तर हा डोळ्यांदेखत निसटेल.

शेजारच्या चौकोनात ठिपक्यांची झुंड असते. सुरुवातीला ती मधोमध गोळा झालेली, तांदूळ सांडल्यासारखी. सिग्नल वाढला की ती फुटते आणि चार कोपऱ्यांत चार पुंजके होतात. हे चार पुंजके म्हणजे दोन-दोन बिटांच्या चार शक्यता. पुंजके जेवढे घट्ट, तेवढ्या चुका कमी. सिग्नल गोंगाटापेक्षा साधारण ४-५ डेसिबल वर गेला की व्हिटर्बीपुढे जुळल्याची खूण येते, मग फ्रेम (डेटाचे गठ्ठे) जुळतात आणि ओळी उमटू लागतात. या वेळी अँटेनाला हात लावू नका, माणसाचं शरीरही सिग्नल बिघडवतं. उपग्रह येताना फ्रिक्वेन्सी तीनेक किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते. ते सॉफ्टवेअर सांभाळतं, तुम्ही मागे लागू नका.

पहिले काही दिवस कच्चं रेकॉर्डिंगही जपून ठेवा. दहा मिनिटांचं सव्वा जीबी होतं, आणि त्यातून कामाचे निघतात जेमतेम पाच एमबी. बाकी सगळा गोंगाट. पण सेटिंग चुकलं असेल तर त्याच रेकॉर्डिंगवर घरी पुन्हा प्रयत्न करता येतो. मिटिऑर हा सिग्नल साठवत नाही, दिसेल ते त्याच क्षणी पाठवतो. न्यू होरायझन्सने जुलै २०१५ मध्ये प्लुटोजवळ टिपलेलं सगळं आधी साठवलं आणि मग ऑक्टोबर २०१६ पर्यंत थोडं थोडं करून पाठवलं. आपल्याला ती चैन नाही.

चित्र वाचणं आणि दुखणी ओळखणं

फेरी संपल्यावर थांबवलं की फोल्डरमध्ये वेगवेगळ्या प्रकाशपट्ट्यांची चित्रं मिळतात. प्रत्येक ओळीत १,५६८ ठिपके, मध्यभागी एक ठिपका म्हणजे साधारण एक किलोमीटर, कडेला ताणलेलं. २२१ नावाची जुळणी आधी उघडा. झाडोरा पिवळसर, पाणी काळपट निळं, ढग पांढरे. खाडीचं मुख जेमतेम दोन-तीन ठिपक्यांचं असतं. कोयनेचा शिवसागर मात्र घाटमाथ्यामागे काळ्या दोऱ्यासारखा ओळखू येतो आणि तोच पहिल्या चित्रात शोधायला सांगावा असा. कच्छचं रण पांढुरकं, खंबातच्या आखातात गढूळ पाणी. दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या फेरीचं चित्र उलटं उतरतं, ते फिरवून घ्या. रात्री दृश्य प्रकाशाची चित्रं काळी येतात, तेव्हा बिघाड शोधू नका. जून ते सप्टेंबर कोकण चित्रात नसतंच, नुसता कापूस. वादळाचा भोवरा दिसला तर फोटो म्हणून जपा, पण बोट समुद्रात न्यायची की नाही ते हवामान खात्याच्या इशाऱ्यावर ठरवा.

चित्रात काळे तुकडे दिसले तर त्यांचा आकार बघा. डेटा आठ ओळी उंचीच्या पट्ट्यांत येतो आणि दर पट्टी चौदा पाकिटांत वाटलेली असते. एखादं पाकीट हरवलं तर आखूड काळा तुकडा, बाकीचं शाबूत. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी ही मंगळावरची वाहनं चित्राचे असेच तुकडे करून पाठवायची, एक गेला तरी बाकीचे वाचावेत म्हणून. अशी विखुरलेली छिद्रं म्हणजे सिग्नल कडेवर आहे: केबल आखूड करा, गोंगाट हटवा. पूर्ण रुंदीचे काळे पट्टे ठरावीक अंतराने आले तर घरातलं एखादं उपकरण चालू-बंद होतंय. फक्त फेरीच्या मधोमध पट्टा गेला तर अँटेनाची उंची बदला. उंचवटा छान दिसतोय आणि तरीही फ्रेम जुळत नाहीत, तर बहुधा चुकीची प्रक्रिया निवडलीय किंवा गेन जास्त झालाय.

इथवर हात बसला की दोन वाटा आहेत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून काही ठरलेल्या दिवसांत १४५.८ मेगाहर्ट्झवर चित्रं येतात, पीडी-१२० पद्धतीने, एका चित्राला दोन मिनिटं. त्याला ही फ्रिक्वेन्सी पकडणारा साधा एफएम रिसीव्हर (गाण्यांचा रेडिओ नव्हे) आणि फोनवरचं रोबोट३६ अॅप पुरतं. दुसरी वाट अवघड: मिटिऑरचाच १,७०० मेगाहर्ट्झवरचा सिग्नल, ज्यात सहाही पट्ट्यांचं पूर्ण चित्र असतं. त्याला टीव्हीची जुनी जाळीदार डिश लागते आणि ती फेरीभर हाताने उपग्रहामागे फिरवावी लागते. बंगळूरजवळ ब्यालालूला इस्रोची ३२ मीटरची थाळी चांद्रयानासाठी हेच काम मोटारींनी करते, मंगळयानासाठीही तिने ते केलं.

खारं वारं

कोकणात अँटेना मरते ती मिठाने. अॅल्युमिनियमची सळी आणि तांब्याची तार जिथे भेटतात तिथे खाऱ्या दमटपणात दोन महिन्यांत पांढरी बुरशीसारखी पूड जमते आणि सिग्नल हळूहळू बसतो. हळूहळू असल्याने लक्षात येत नाही. जोडावर पेट्रोलियम जेली फासा, स्क्रू स्टेनलेसचे वापरा, वरून आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. केबलचं उघडं तोंड वर ठेवू नका, जाळी वातीसारखं पाणी ओढते आणि ते मीटरभर आत जातं. काळी पडलेली जाळी घासत बसू नका, तेवढा तुकडा कापून टाका. घरात शिरण्याआधी केबलला खालच्या बाजूने एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात सड्यावर काठी घेऊन उभं राहू नका. ढग दिसताच केबल डाँगलपासून काढा, फेरी सोडून द्या. मृगाआधी अँटेना उतरवा, सळ्या गोड्या पाण्याने धुऊन पुसा आणि माळ्यावर ठेवा. गणपती झाले की जोड नव्याने करून पुन्हा वर चढवा.